वायरचे पैसे जास्त लावले, या तुमच्या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

राम कृष्ण हरी माऊली.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडे गाडीत इन्व्हर्टर बसवून घेतल्यावर ऐन वारीत वाखरीच्या मुक्कामी सकाळी गाडी सुरू झाली नाही, दिंडीतल्या माणसांना ती ढकलावी लागली, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पालखीच्या आधीच्या गर्दीत तुम्हाला दुकानात ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दलही माफी मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, "पाच हजाराच्या इन्व्हर्टरला चार हजाराची वायर लावली, इन्व्हर्टरच्या खोक्यात फुकट वायर आलेली असताना. वारकऱ्यांनाही लुटतात." हे वाक्य आता आमच्या दुकानाचं नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात वर दिसतं. सासवड रोडवर आमचं छोटं दुकान आहे. दोन पोरं हाताखाली आहेत, त्यांचा पगार याच कामातून निघतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कृपया शेवटपर्यंत वाचा.

तुमचा इन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर घरासारखी वीज देणारं यंत्र, एक हजार वॅटचा आहे. घरी २३० व्होल्टवर एक हजार वॅटचा भार साडेचार अँपिअरच्या आत भागतो, म्हणून घरातली वायर बारीक असली तरी चालते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्याच भाराला तिथे त्र्याऐंशी अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरलं की आकडा नव्वदच्या पुढे जातो. तुम्ही आधी म्हणालात, लायटरच्या सॉकेटलाच जोडून द्या. त्या सॉकेटचा फ्यूज फार तर पंधरा-वीस अँपिअरचा. मोबाईल आणि लॅपटॉपच्या पुढे तिथे काही चालत नाही. ते मी तेव्हाच सांगितलं आणि तुम्ही मान्यही केलं होतं.

आता खोक्यातल्या त्या वायरी. त्या जेमतेम दोन फुटांच्या आहेत, टोकाला चिमटे आहेत. इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी शेजारी ठेवून घटकाभर वापरायचा असेल तर त्या ठीक. तुमच्या बोलेरोची बॅटरी पुढे बॉनेटखाली आणि इन्व्हर्टर तुम्हाला हवा होता मागे, सामानाजवळ. मी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली बसवू म्हणालो होतो. तिथे बसवला असता तर चार मीटर वायरमध्ये काम झालं असतं आणि वायरचं बिल अठराशेच्या आसपास थांबलं असतं. तुम्ही म्हणालात, पुढे पखवाज-वीणा ठेवायचे असतात, पाय ठेवायला जागा राहत नाही, मागेच बसवा. तुमची अडचण खरी होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत सीटच्या कडेने, मॅटखालून वायर न्यायची म्हणजे साडेचार मीटर जायला आणि साडेचार यायला, असे नऊ मीटर झाले.

हे नऊ मीटर कशासाठी, आणि एवढी जाड कशासाठी, ते सांगतो. बाजारात बरेच जण याच कामाला सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकून देतात. नऊ मीटरमध्ये नव्वद अँपिअर ओढले की त्या वायरीतच जवळजवळ अडीच व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरीतून साडेबारा निघाले तर इन्व्हर्टरपर्यंत दहा पोचतात. साडेदहाच्या खाली इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. मग गिऱ्हाईक म्हणतं इन्व्हर्टर खराब आहे. आणि ते अडीच व्होल्ट हवेत जात नाहीत, त्यांची उष्णता होते, तीही मॅटखाली, जिथे तुमची माणसं पाय ठेवून बसतात. तीन एचपीच्या मोटरीला अर्ध्या इंचाचा पाइप लावून कोणी शेत भिजवत नाही. मी टाकली ती पस्तीस चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची. तिच्यात तेवढ्याच भाराला अर्धा व्होल्टही पडत नाही.

पस्तीसच्या नऊ मीटर वायरमध्ये नुसतं तांबंच पावणेतीन किलोच्या वर भरतं. तांब्याचा आजचा किलोचा भाव कुठल्याही भांडीवाल्याला विचारा आणि ४,१०० रुपयांत माझ्याकडे काय उरलं असेल ते तुम्हीच ठरवा. तुमच्या भाच्याने ऑनलाइन निम्म्या किमतीत तीच वायर दाखवली, असं तुम्ही लिहिलंय. ती तीच नाही. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशीही वायर मिळते. दिसायला सारखी, वजनाला हलकी. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. मला तीही विकता आली असती, तुम्हाला कळलंही नसतं.

एक वायर वाचवून बॉडीला अर्थ मारता आला असता, म्हणजे परतीची वायर गाडीच्या पत्र्यालाच जोडता आली असती, हाही तुमचा मुद्दा आहे. काही जण तसं करतात, आणि पत्रा स्वच्छ असेल, रंग खरवडून नीट बोल्ट मारला असेल, तर ते चालतंसुद्धा. तुमच्या गाडीच्या मागच्या पत्र्याला गंज धरला होता. गंजलेल्या जोडावरून नव्वद अँपिअर नेण्याची माझी हिंमत नाही. तो गंज मी तुम्हाला बोट लावून दाखवला होता.

राहिला साडेचारशे रुपयांचा फ्यूज. "इन्व्हर्टरमध्ये फ्यूज असतोच" हे खरं आहे, पण तो वायरीच्या मागच्या टोकाला आहे, त्याने इन्व्हर्टर वाचतो. दिवेघाट उतरता-चढताना हादऱ्याने वायर कुठे पत्र्याला घासली आणि आतली तार उघडी पडली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि मागच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर एकशेपंचवीस अँपिअरचा फ्यूज लावला. बॉनेटमधून वायर आत येते त्या भोकात वायर घासू नये म्हणून रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, बसवलं. टोकाच्या थिंबल्या, म्हणजे वायर बोल्टला जोडायच्या टोप्या, हातोडीने न ठोकता प्रेसमध्ये दाबल्या. ग्रोमेट आणि थिंबल्यांचे पैसे बिलात लावलेलेच नाहीत, बिल काढून बघा.

मजुरी सहाशे घेतली. एरवी आम्ही बाराशे घेतो. पालखीच्या दिवसांत दिंडीच्या गाडीची मजुरी निम्मी, ही माझ्या वडिलांच्या काळापासूनची रीत आहे. आई अजून हडपसरपासून सासवडपर्यंत पालखीबरोबर चालते. अशा घरातल्या माणसाबद्दल "वारकऱ्यांना लुटतात" असं चारचौघांत लिहिलेलं वाचून काय वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. रिव्ह्यू आईला दाखवलेला नाही.

वेळेबद्दल. दोन तास सांगितले होते आणि गाडी संध्याकाळी मिळाली, हे बरोबर. पण सकाळी मॅट उचलून झाल्यावर तुम्ही चावी खिशात घेऊन किराणा भरायला मार्केट यार्डला गेलात आणि परत आलात तेव्हा तीन वाजून गेले होते. बॅटरीचं काम पोरांनी उरकलं, पण बंद गाडीची मागची दारं उघडता येत नव्हती. मध्ये तुम्हाला फोनही केला होता. हे मी रागाने लिहीत नाही, फक्त तो अख्खा दिवस आमच्या नावावर पडला म्हणून लिहितो.

इन्व्हर्टरवर चटणीचा मिक्सर चालला नाही, ही तुमची आणखी एक तक्रार. पण मिक्सरचं तुम्ही आधी बोललाच नव्हता. कामाच्या वेळी सांगितलं होतं ते असं: रात्रीच्या कीर्तनाला अ‍ॅम्प्लिफायर, चार दिवे, मोबाईल चार्जिंग. साडेसातशे वॅटचा मिक्सर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले २००० वॅट हे क्षणभराचे आहेत, सलग चालायचे एक हजारच. शिवाय तुम्ही आणलेला इन्व्हर्टर साध्या लहरीचा आहे, प्युअर साइन वेव्ह नाही, म्हणजे त्याची वीज घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहरीची नसते. त्याच्यावर मोटर गुरगुरते आणि तापते. चटणी पाट्यावर वाटावी लागली याचं वाईट वाटतं, पण त्यात वायरीचा दोष नाही.

आणि वाखरीची ती सकाळ. तुमची बॅटरी ७० अँपिअर-अवरची आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि दिवे मिळून तीनशे वॅट धरले तरी तासाला त्यातले अठ्ठावीसच्या आसपास अँपिअर-अवर जातात. इंजिन बंद ठेवून सव्वा तासात बॅटरी निम्म्यावर येते. कीर्तन त्याच्या कितीतरी पुढे चाललं असणार. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला स्वतः थांबतो, पण साडेदहा व्होल्टच्या बॅटरीवर डिझेल इंजिन फिरत नाही. दुसरी बॅटरी आणि आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच, टाका, असं मी सुचवलं होतं. "तो खर्च यंदा नको" म्हणालात, तुमची अडचण समजून मीही पुन्हा विषय काढला नाही.

यापुढे काम घेण्याआधी अंदाजपत्रक लेखी देण्याचा आमचा विचार आहे. कुठल्या भाराला किती वेळ बॅटरी टिकेल याचा एक तक्ताही दुकानात लावू. पालखीच्या आठवड्यात आणखी एक माणूस मिळतो का तेही बघतोय.

तुम्हाला एकच विनंती. स्टार एक ठेवायचा तर ठेवा, उशीर झाला हेही राहू द्या, पण "लुटतात" तेवढं काढा. गाडी घेऊन या. एवढ्या प्रवासानंतर टर्मिनलचे बोल्ट एकदा आवळून घ्यावे लागतात, नाहीतर सैल जोड तापतो. त्याचे पैसे नाहीत. वायर कापून दाखवतो, आत तांबं आहे की नाही ते तुमच्या भाच्यालाही बघू द्या. कापलेल्या टोकाला नवी थिंबली मी बसवून देईन. सकाळी दहानंतर कधीही या, फक्त सोमवारी दुकान बंद असतं.