नकाशात मीठ कशाला? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या मध्ययुगीन काल्पनिक राज्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी चार दिवसांत तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन ती बाजूला ठेवणं मला पटलं नाही.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. आम्ही नागपुरातले नऊ जण मिळून एक रोलप्ले खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, प्रत्येक जण आपल्या पाळीला गोष्ट पुढे नेतो, एकटा कोणी लेखक नाही. तुमचं म्हणणं असं की अंतरं, ऋतू, पाणी, मीठ, धान्य यांचे आम्ही इतके नियम करून ठेवलेत की नव्या माणसाच्या कल्पनेला जागाच उरलेली नाही. मिरची आणि टोमॅटोवरची बंदी तुम्हाला पंडिती हट्ट वाटते. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. देवगड (छिंदवाड्याजवळचं) आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजवटीवरून आम्ही राज्य उचललं, नावं बदलली, पण ज्यांचा हा इतिहास आहे ते लोक आजही इथेच राहतात याचा विचार केला नाही. त्यापेक्षा युरोपातले किल्ले आणि सरदार घेतले असते तर कोणाला काही लागलं नसतं, असं तुम्ही लिहिलंय.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझं मत तुमच्याहून पार वेगळं आहे.

सुरुवातीला आमच्याकडे एकही नियम नव्हता. एक रंगवलेला नकाशा होता आणि भरपूर उत्साह. तिसऱ्याच बैठकीत एका खेळाडूने राजधानीतून फौज काढली आणि त्याच रात्री ती पूर्वेच्या गडाखाली उभी केली. दुसरी खेळाडू त्याच गडात तीन आठवडे वेढा सोसण्याची तयारी करत होती. धान्य मोजून झालं होतं, विहिरीवर पहारे बसले होते, बाहेर पाठवलेला हेर परत यायचा होता. तिचं सगळं लिखाण एका वाक्याने पाण्यात गेलं. "अबे, एका रात्रीत काहून पोचली तुझी फौज?" यावर अर्धा तास वादावादी झाली, आणि त्यात चुकीचं कोणीच नव्हतं. राजधानी ते गड किती दिवसांची वाट, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. ती मुलगी नंतर दोन महिने खेळायला आली नाही.

त्यानंतर आम्ही आपल्याच जमिनीचं माप घेतलं. बैलगाडी दिवसाला पंचवीसेक किलोमीटर जाते. म्हणजे नागपूरहून रामटेक दोन दिवस, चांदा सहा दिवस. सामानसुमान घेतलेली फौज याहून हळू. आणि हे सगळं कोरड्या वाटेवर. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं, कन्हान आणि वैनगंगा फुगतात, उतार बंद होतात. दसऱ्याला सीमोल्लंघन का, हे शाळेत वाचलं होतं. खेळताना ते मला पहिल्यांदा कळलं. नद्या उतरल्याशिवाय मोहीम निघूच शकत नाही. आमच्या राज्यात आता आषाढ ते भाद्रपद युद्ध नसतं, आणि सगळी कारस्थानं त्याच चार भिंतींच्या महिन्यांत शिजतात. आमच्या सगळ्यांत रंगलेल्या बैठका पावसाळ्यातल्या आहेत.

मिठाचंही तसंच. तुम्ही विचारलंत, "फँटसीत मिठाचा हिशेब कशाला?" ताई, विदर्भाला समुद्र नाही. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लदेणी लादून किनाऱ्याकडून मीठ आणत, परतीला इथलं धान्य आणि कापूस नेत. हे एकदा ठरलं आणि आमच्यातल्या एका अबोल खेळाडूला त्याचं पात्र सापडलं, तांड्याचा नायक. त्याने एका घाटात मीठ अडवून धरलं. तलवार उपसली नाही, मंत्र टाकला नाही. दोन राजे त्याच्या राहुटीत येऊन बसले. हे त्याला कोणी सुचवलेलं नव्हतं. नियमाने त्याची कल्पना दाबली असती तर हा प्रसंग घडलाच नसता.

या अनुभवातून माझी कसोटी ठरली. एकाने बदलली तर दुसऱ्याची गोष्ट मोडते, तेवढीच बाब सगळ्यांनी मिळून पक्की करायची. बाकी सगळं कोरं. भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव तुम्ही पाहिलेच असतील. पाळ कुठून कुठवर, पाणी सोडायचं तुडूम कुठे, जादा पाणी वाहून जायला सलंग कुठे, हे साऱ्या गावाचं. आपल्या बांधीत धान कोणतं लावायचं, हे ज्याचं त्याचं.

आता मिरची. इथे तुम्ही मला माझ्याच कसोटीत पकडलंत. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलं. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा. माहिती खरी आहे आणि मला ती आवडते, पण एखाद्याच्या पात्राने झणझणीत रस्सा खाल्ला म्हणून दुसऱ्या कोणाची गोष्ट मोडत नाही. ही बंदी माझ्या आवडीपोटी होती. शनिवारी सगळ्यांना सांगून ती काढून टाकली.

तिसऱ्या आक्षेपावर मी सगळ्यांत जास्त विचार केला.

तुम्ही म्हणता त्यातलं एक शंभर टक्के खरं आहे. पहिल्या आराखड्यात मी जंगलातले जादूगार वंश रचले होते आणि त्यांची विभागणी सहा देवे, सात देवे अशी ठेवली होती, म्हणजे गोंड समाजात कुळाचे देव किती यावरून होते तशी. वाचनात आलं, नाद चांगला वाटला, घेऊन टाकलं. आमच्यातल्या एका खेळाडूच्या घरी आजही सोयरीक जुळवताना हे पाहतात. सारख्याच देवांच्या घरांत लग्न होत नाही. तो पहिले दोन महिने काही बोलला नाही. मग एकदा घरी जाताना म्हणाला, "भाऊ, माझ्या आजीचा देव तुमच्या तक्त्यात आहे." तो तक्ता मी त्याच रात्री काढून टाकला. पण जुन्या लेखात तो तसाच राहिला होता, आणि तुम्ही वाचलात तो तोच. ही चूक माझी आहे. लेख आता दुरुस्त केलाय, आणि काय काढलं व का, तेही तिथेच लिहिलंय. कोणाची चालू श्रद्धा आणि नात्यांची व्यवस्था आमच्या खेळाचा कच्चा माल होणार नाही, हे आमचं पक्कं ठरलंय.

पण तलाव, परकोट आणि जमिनीचे करार मी काढणार नाही. तुमचं बालपण चांद्याच्या जटपुरा गेटजवळ गेलं असं तुम्हीच लिहिलंय. शहराभोवतीचा सुमारे ११ किलोमीटरचा तो परकोट गोंड राजांनी बांधला. ज्या शहरात बसून मी हे लिहितोय ते १७०२ च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदने राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वस्त्या जोडून वसवलं, बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावून आणले. चांद्याच्या हिरशहाबद्दल सांगतात की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन मिळे. कोहळी समाजाने त्या भागात बांधलेल्या तलावांतले कितीतरी आजही धान पिकवतात.

यातून खेळाला काय मिळतं ते पाहा. ठरावीक युरोपीय साच्यात शेतकरी सरदाराच्या जमिनीला बांधलेला असतो, म्हणून जुलमी सरदार आणि बंड ही गोष्ट आपोआप उभी राहते. आमच्या राज्यात जमीन आणि जंगल अफाट, माणसं थोडी. राजाने फार पिळलं तर गाव एका रात्रीत उठून शेजारच्या राज्यात जाऊन नवा तलाव बांधेल. म्हणजे राजाची खरी चिंता माणसं टिकवण्याची. आमच्या खेळातल्या राणीने पहिल्या वर्षात एकही लढाई केली नाही. तिने पाळ फुटलेल्या चार गावांत माणसं थांबवून दाखवली. हे राजकारण मला कुठल्याही तयार किल्ल्यात सापडलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, युरोपचे किल्ले घेतले असते तर आमच्यातल्या त्या खेळाडूचे पूर्वज राज्य करत होते, पाणी अडवत होते, शहरं वसवत होते, ही गोष्ट आमच्या टेबलावर कधी आलीच नसती. देवांच्या तक्त्यावर बोट ठेवणाऱ्या त्यानेच तलाव ठेवा असा आग्रह धरला. इथे मी त्याचं ऐकतोय.

तुमचा एक प्रश्न मात्र उरतोच. उद्या गटात तसा कोणी नसेल तर असली चूक कोण दाखवणार? तूर्त एवढंच ठरवलंय की एखाद्या समाजाचा शब्द, विधी किंवा चिन्ह घ्यायचं असेल तर त्या समाजातल्या माणसाला विचारल्याशिवाय ते खेळात येणार नाही. विचारायला माणूस मिळाला नाही, तर ते बाहेर राहील. हे पुरेसं नाही असं वाटत असेल तर जरूर लिहा.

आणि कल्पनेला जागा उरली नाही म्हणालात, म्हणून सांगतो. नकाशात पूर्वेच्या सहाव्या तलावापलीकडे आम्ही अजून एक रेघही ओढलेली नाही. तिथे तुमचं गाव वसवायचं असेल तर लोक, देव, भाषा, भुतं, सगळं तुमचं. राजधानीपासून किती दिवसांची वाट आणि पाणी कुठून येतं, एवढं मात्र कळवा.