वशिंड नसलेला बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावाकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळून शेकतात. यंदा त्याच संध्याकाळी मी पुण्यात चौथ्या मजल्यावर फतकल मारून बसलो होतो आणि माझ्या बैलाचे चारही पाय चार दिशांना गेले होते.

सोसायटीतल्या आम्ही चार वैदर्भीय घरांनी पार्किंगमध्ये तान्हा पोळा भरवायचं ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात आणि दारोदार बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी गोळा करतात. आमचा लाकडी बैल वर्ध्याला माळ्यावर. "कागदाचे करा की, सोपं असतं," बायको म्हणाली. सोपं असतं हे नेहमी जो करणार नसतो त्यालाच ठाऊक असतं.

ओरिगामीला चौरस कागद लागतो. ए-फोर असतो 210 बाय 297 मिलिमीटर, म्हणजे आधी 87 मिलिमीटरची पट्टी कापून फेकायची. ती धाकट्यानं उचलली, पंख्यासारखी दुमडली, टोकाला दोन डोळे काढले आणि "माझा साप झाला" म्हणून तो मोकळा झाला. मी तोवर दुसऱ्या घडीवर होतो. व्हिडिओतला माणूस "आता हा कोपरा आत घ्या" म्हणे आणि तेवढ्यात त्याचा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर येई. तासाभरानं जे उभं राहिलं त्याकडे बघून थोरली म्हणाली, "बाबा, डुक्कर मस्त झालंय."

मी हटलो नाही. पांढऱ्या कागदाचा झाला तो गवळाऊ, शेवटी वर्ध्याकडचीच जात. वर्तमानपत्राचा काळा-पांढरा ठिपकेदार, तो देवणी. तांबड्या घोटीव कागदाचा लाल कंधारी. जाती सगळ्या बरोबर होत्या, फक्त बैल कुठे दिसत नव्हता.

आईला व्हिडिओ कॉल लावला. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.

"काय हे बाप्पा? कुत्रं हाय का?"

"बैल आहे, आई."

"वशिंड कुठी हाय त्याचं? जू अडकन कशाले?"

खरंच की! व्हिडिओतल्या माणसाच्या बैलाला वशिंडच नव्हतं, आणि शेतकऱ्याच्या नातवाला ते तीन बैल होईपर्यंत दिसलं नाही. मग आईच्या देखरेखीखाली मैद्याची खळ शिजवली, कागदाचे बोळे केले आणि तिन्ही पाठींवर चिकटवले. पुस्तक बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष, घरात पोरं, म्हणून मी घातलं नाही. हा शहाणपणा झुरळांच्या पथ्यावर पडला. सकाळी देवणीचं वशिंड कुरतडलेलं, आणि श्रावणातली दमट हवा अधिक ओली खळ यांनी उरलेले दोघे पोटावर आलेले. ऐन नांगरटीत बैल बसला की आजोबा काय बोलायचे ते मला आठवलं. पोरं समोर होती, म्हणून नुसतंच आठवलं.

थोरलीनं मात्र तोवर कपाटातून एक जाड लग्नपत्रिका काढली होती. ती मुळातच मधोमध दुमडलेली. घडी म्हणजे पाठ. खालून कमान कापली, पाय तयार. घडीला एक चीर देऊन तिच्यात अर्धगोल पुठ्ठा खोचला, वशिंड तयार. पुढच्या चिरेत शिंगांसकट डोकं. सोनेरी वेलबुट्टीमुळे झूलही आयती मिळाली. सगळा मिळून दहा मिनिटांचा मामला, आणि बैल फरशीवर ठाम उभा! मी दोन दिवस खपलो होतो, असं मी दोनदा बोलून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोरणाखाली गर्दी झाली. "हर बोला हर हर महादेव" झालं. धाकट्यानं पोळ्यात साप आणला होता, त्यालाही बोजारा मिळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आमच्या बैलासमोर वाकल्या. "बाई, काय देखणा आहे! नाव काय गं याचं?"

पत्रिका कुणाच्या लग्नाची हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं. थोरलीनं बैल उचलून पोटावरचं नाव मोठ्यानं वाचलं, 'चिरंजीव'सकट.

काकूंनी बैलाच्या गळ्यात दहाची नोट अडकवली आणि माझ्याकडे बघून, हसू दाबत, त्याला हळद-कुंकू लावलं.