हलकी गाडी

कोल्हापुरात हलकं म्हणजे वाईट. कापड हलकं, माल हलका, माणूस हलका, सगळ्याचा अर्थ एकच, की याच्या नादाला लागू नका. इथं चप्पल घेतली तरी ती पहिले आठ दिवस पायाला चावली पाहिजे आणि चार घरं लांबून करकर ऐकू आली पाहिजे, नाहीतर दुकानदारानं गंडवलं असं समजतात. अशा गावात गेले चार महिने मी तोंड वर करून सांगत फिरतोय की मला एक हलकी गाडी पाहिजे, शक्यतो घडी होणारी.

कारण गुडघे. दोन्ही झिजलेत, त्यात कमरेतली नस दाबलीय, त्यामुळं बिंदू चौकातून निघालो की भवानी मंडप येईस्तोवर मी तीन दुकानांच्या पायऱ्यांवर टेकलेलो असतो. गावात हे खपून जातं. पायरीवर बसलं की दुकानदार ओळखीचा निघतो, चहा येतो, लोकांना वाटतं माणूस रिकामा आहे. परगावी पंचाईत होते. पोरगं बेंगळुरूला असतंय, गेल्या वर्षी सगळे मिळून म्हैसूरचा राजवाडा बघायला गेलो, म्हणजे ते गेले, मी बाहेर बाकावर चपला आणि पिशव्या सांभाळत बसलो. दीड तासानं नात आली आणि म्हणाली, आजोबा तुम्ही काय बघितलं? म्हटलं, सहा जोड चपला, त्यातला एकच कोल्हापुरी.

त्या रात्री पोरानं मोबाईलवर फोटो दाखवला. "पप्पा, ही फोल्डिंग मोबिलिटी स्कूटर. घडी घालायची, विमानात न्यायची, उतरलं की उघडायची आणि बसायचं." फोटोत एक गोरा म्हातारा समुद्रकिनारी त्या गाडीवर बसून असा हसत होता की जणू गुडघे दुखणं हीच लॉटरी. गाडी म्हणजे काय, तर खाली पाय ठेवायला एक फळी, वर सीट, पुढं हँडलचा दांडा आणि खाली बाबागाडीची वाटावीत एवढी चाकं. मोटार बॅटरीवर, पळणार ताशी ६ किलोमीटर. म्हणजे आमच्या गल्लीतली म्हैस मनात आणलं तर हिला ओव्हरटेक करणार.

पहिल्या दुकानात गेलो आणि म्हणालो, चालायला त्रास असणाऱ्यांची स्कूटर दाखवा. त्यानं थेट मागं दोन जादा चाकं जोडलेली ॲक्टिव्हा दाखवली. म्हटलं, हिची घडी कुठं होते? तर म्हणाला, "घडी कशाला घालताय काका, साईडला लावायची आणि लॉक करायची." दुसऱ्या दुकानात जॉयस्टिकवाली इलेक्ट्रिक व्हीलचेअर होती, ती चांगली होती खरंतर, पण मला हँडल पाहिजे. चाळीस वर्षं हँडल धरून फिरलेला माणूस शेवटी एका काडीवर भरवसा कसा ठेवणार. शेवटी फोनवर शोधून, मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांशी बोलून, कागदावर कोष्टक करून अभ्यास सुरू केला. रिटायर्ड बँकवाल्याला कोष्टक मिळालं की निम्मं दुखणं तिथंच बरं होतं.

मग चूक केली, ती म्हणजे हा विषय रंकाळ्यावर संध्याकाळच्या कट्ट्यात काढला. एकानं विचारलं पासिंग कुठलं? पासिंग लागत नाही म्हणाला विक्रेता, असं सांगितल्यावर सगळे जरा गप्प झाले, कारण ज्या गाडीवर कोल्हापूरचं ०९ लिहिता येत नाही ती घेऊन करायचं काय. दुसरा म्हणाला, डिस्क ब्रेक हाय का? तिसरा म्हणाला, एवढ्या पैशात सेकंडहँड बुलेट येती. अरे येती, पण तिच्यावर बसून म्हैसूरच्या राजवाड्यात जाऊ का?

आणि आमचा एक मित्र, उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप आहे, तो तर पेटलाच. "मर्दा, विकत कशाला घेतोस? मी करून देतो." खिशातनं खडू काढून कट्ट्याच्या फरशीवरच ड्रॉइंग. चौकोनी पाईप, पुढं स्प्रिंग, मागं शॉकॲब्सॉर्बर, खाली चेकर्ड प्लेट. वजन किती होईल? "ऐंशीच्या आत बसवू. पर तुला सांगतो, ट्रक धडकला तरी ट्रकच दुरुस्तीला येणार." या माणसाला हलकी वस्तू म्हणजे बनवणाऱ्यानं लोखंडाची चोरी केली असंच वाटतं. त्याचा खडू काढून घेऊन आम्ही भेळ मागवली.

आता वजनाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. जाहिरातीत लिहितात १९ किलो. वाचून आपण खूश. मग बारीक अक्षरात, बॅटरीशिवाय. आणखी बारीक अक्षरात, सीट काढून. एका मॉडेलला तर पुढची बास्केट आणि हात टेकायचे दांडे पण वजनातनं वगळले होते, म्हणजे हे असं झालं की माझं वजन ६० किलो, पोट सोडून. रिमोटनं आपोआप घडी होणारी बघितली, बटण दाबलं की ती उंटासारखी गुडघ्यात मोडून खाली बसते, बघायला लई भारी, पण २७ किलो. ॲटोमॅटिक घडी होते ती घडी डिकीत आपोआप चढत नाही ना.

आणि चढवणार कोण? हा प्रश्न कोष्टकात नव्हताच. मला दोन किलोची पिशवी घेऊन जिना चढता येत नाही म्हणून तर ही गाडी, म्हणजे उचलणारा मी नव्हे. बसणारा एक, उचलणारा दुसरा, आणि हलकी का जड ते दुसऱ्यानं ठरवायचं. दुसरा म्हणजे आमची मंडळी. तिला विचारलं, एकोणीस-वीस किलो उचलंल का? ती म्हणाली, "बघतो की." (परगावच्या वाचकांसाठी, आमच्याकडं बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, व्याकरणाची तक्रार पंचगंगेत सोडून या.)

मग तिनं जे केलं ते एकाही विक्रेत्याला सुचलं नव्हतं. गॅसची रिकामी टाकी बाहेर काढली. टाकीच्या कडीवर रिकामं वजन छापलेलं असतं, आमच्या टाकीवर १५.९ होतं. त्यावर गुळाचा पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप, ठेवला, सुतळीनं बांधला. झाले एकवीसच्या आसपास. तो सगळा ऐवज उचलून तिनं गाडीच्या डिकीत ठेवला, काढला, परत ठेवला. दोनदा झालं. तिसऱ्यांदा ठेवताना कमरेला हात लावून म्हणाली, "एवढं जमतंय. याच्या वर एक किलो बी नको." समोरच्या घरातल्या वहिनी गॅलरीतनं बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे, नवरा-बायको टाकीला गूळ बांधून डिकीत घालायलेत. पण माझ्या कोष्टकातली अकरातली सात मॉडेलं त्या रव्याखाली गेली.

स्वस्तातलं एक मॉडेल राहिलं होतं, विक्रेता म्हणत होता बॅटरी कुठंही मिळेल. मिळणारच, साध्या लेड-ॲसिडच्या दोन बॅटऱ्या, दोन्ही मिळून आठएक किलोच्या. तेवढ्याच ताकदीची लिथियमची बॅटरी दोन-अडीच किलोत येते. ते पण गेलं.

लिथियम म्हटलं की विमानाचे नियम आले, आणि इथं माझ्या बँकेतल्या नोकरीचं चीज झालं. व्होल्टला ॲम्पिअर-अवरनं गुणायचं, म्हणजे वॅट-अवर येतात. २४ व्होल्ट, १० ॲम्पिअर-अवर, झाले २४०. अशा गाडीची निघणारी बॅटरी एकच असेल तर ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६० च्या आत पाहिजे. बॅटरी काढायची, तिची टोकं झाकायची आणि आपल्याबरोबर वर केबिनमध्ये घ्यायची, कारण पेटली तर तिथं विझवायला माणसं तरी असतात, खाली सामानात कोण बघणार. म्हणजे गाडी पोटात आणि बॅटरी मांडीवर. एक विक्रेता मला मोठी बॅटरी घ्या म्हणून मागं लागला, २४ व्होल्ट १५ ॲम्पिअर-अवर, एका चार्जिंगमध्ये लांब जाते म्हणे. म्हटलं, त्याचे ३६० होतात, विमानात घेत नाहीत. तर म्हणाला, "मग काका, रस्त्यानंच जावा की तिच्यावर." ताशी ६ नं बेंगळुरू. निपाणीला पोचायलाच सूर्य बुडायचा.

विमान कंपनीला फोन लावला. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं बसायचं, सोबत बॅटरीची स्कूटर आहे, एवढंच सांगायचं होतं. पहिली मुलगी म्हणाली, सर तुम्हाला व्हीलचेअर आमच्याकडून मिळेल. म्हटलं, मिळू दे, मला माझी गाडी न्यायचीय. तिनं दुसऱ्याला दिलं. दुसरा म्हणाला, सर, टू-व्हीलर कार्गोने बुक करा आणि पेट्रोल पूर्ण रिकामं करा. त्याला समजावून सांगेस्तोवर माझ्या फोनची बॅटरी संपली, ती किती वॅट-अवरची होती बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी एक शहाणी बाई भेटली. तिनं वजन, घडी घातल्यावरची लांबी-रुंदी-उंची, बॅटरीचा प्रकार आणि वॅट-अवर असं सगळं मेलवर मागितलं आणि ४८ तास आधी कळवा म्हणाली. तिचा मेल मी प्रिंट काढून देवघराच्या खणात ठेवलाय. बॅटरीवर आकडा छापलेला असेल तरच गाडी घ्यायची हे मात्र तेव्हाच ठरवलं, कारण विमानतळावरच्या साहेबासमोर गुणाकार करून दाखवायची वेळ आली तर मागची रांग आपल्याला जेवायला वाढणार नाही.

शेवटी दोन मॉडेलं राहिली, एक तीन चाकी, एक चार चाकी, आणि ट्रायल घ्यायला पोराबरोबर पुण्याला गेलो. तीन चाकी जागच्या जागी वळते, दुकानाच्या कपाटाच्या दोन रांगांतनं तिनं मला असं काढलं की वाटलं हीच घ्यावी. पण फूटपाथच्या उतारावर वळवली तर आतलं चाक उचलल्यासारखं झालं आणि पोटात गोळा आला. चार चाकीला वळायला जागा जास्त लागते, पण ती बसल्या जागी बसते. मी पडलो तर उचलायचं वजन ८२ किलो, टाकी अधिक रवा असे जवळजवळ चार ऐवज, हे मनात आलं आणि चार चाकी नक्की झाली.

ट्रायलचं अजून एक. हँडलवर एक चकती असते, एका टोकाला कासव काढलंय, दुसऱ्या टोकाला ससा. मी कोल्हापूरचा, साहजिकच ससा. उजव्या हाताचा खटका दाबला की पुढं, सोडला की आपोआप ब्रेक लागून थांबते. डाव्या हाताचा खटका दाबला की मागं. आता समोरनं एक मुलगा कॉफीचे कप घेऊन आला, मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस काय करतो, तर डाव्या हातानं ब्रेक आवळतो. गाडी थांबली आणि पीं-पीं-पीं करत उलटी निघाली. मी अजून जोरात आवळलं. ती अजून जोरात उलटी. असं आम्ही सन्मानानं दुकानाच्या दारातनं आत, काउंटरला टेकेपर्यंत गेलो. पोरगं म्हणालं, "पप्पा, काही करू नका. नुसतं सोडून द्या." साठीनंतर हे मला घरात पण सांगतात, पण तिथं पहिल्यांदा उपयोग झाला.

गाडी आली. बॅटरीसकट २१ किलो. मंडळीनं उचलून बघितली आणि "रव्यापेक्षा बरी, धरायला कड हाय" असा शेरा मारला. उद्यमनगरवाल्यानं मैत्रीखातर उंबऱ्यासाठी एक छोटा रॅम्प करून आणला, तो दोघांनी धरून रिक्षातनं उतरवला, चेकर्ड प्लेटचा, गाडीपेक्षा जड.

मग पूजा. नवीन वाहन आणि पूजा नाही असं कसं. हँडलला हार, सीटवर हळद-कुंकू, दारात नारळ फोडला, कट्टा सगळा हजर, आणि रिवाजाप्रमाणं पुढच्या चाकाखाली लिंबू. मी वर बसलो. ससा. खटका दाबला. गाडी गुरगुरली, लिंबापर्यंत गेली, आणि थांबली. परत दाबला, परत गुरगुरली. माहितीपत्रकात लिहिलंच होतं, चढण्याची उंची ३ सेंटीमीटर, आणि लिंबू होतं चांगलं गावरान, चारच्या वर. मागनं कोणतरी म्हणालं, "भावा, लिंबू जिंकलं की!" उद्यमनगरवाला म्हणाला, "तरी सांगत हुतो मी."

मंडळी पुढं आली. "अहो, आधी खाली उतरा." उतरायला मला मिनिटभर लागतं, तेवढा वेळ सगळी गल्ली गप्प. मग तिनं पदर खोचला, एका हातानं गाडीचं तोंड उचललं, दुसऱ्या हातानं अख्खं लिंबू काढून घेतलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "हलकी हाय की." आणि दुपारच्या रस्स्याला होईल म्हणून लिंबू घेऊन आत गेली.