आबांचे अकरा विजय आणि ती 192 मतं

दरवर्षी 30 जुलै, म्हणजे पुण्यतिथी आली की व्हॉट्सॲपवर सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, आमचे आबा, यांचे तेच फोटो फिरायला लागतात. साधा सदरा, टोपी, एसटीने फिरणारा आमदार. खाली 'असा नेता होणे नाही' आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी सांगोल्याचा, त्यामुळे मलाही जरा जास्तच येतात. खरं सांगू का, आता कंटाळा आलाय.

आबांची आठवण काढायला माझी हरकत नाही. पण साधेपणाचं कौतुक हे सगळ्यात स्वस्त कौतुक असतं. एसटीत बसणारा माणूस विधानसभेत बसून काय करत होता, हे कुणी विचारतच नाही.

शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) ते 1962 साली पहिल्यांदा निवडून आले. एकूण अकरा वेळा, एकच मतदारसंघ, एकच लाल बावटा. ही अकराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र मधले दोन पराभव जास्त बोलके वाटतात. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पडले, ते अवघ्या 192 मतांनी. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. (होय, तेच. 'काय झाडी, काय डोंगार' वाले.)

192 मतं म्हणजे किती? आमच्या वाडीतलं लग्न असलं तरी पहिल्या पंगतीला याहून जास्त ताटं लागतात. एवढ्याशा फरकाने हरलेला, सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि राज्यात पक्ष आटत चाललेला. आजचा पुढारी असता तर पुढच्या महिन्यात 'मतदारसंघाच्या विकासासाठी' दुसऱ्या पक्षाचा गमजा गळ्यात पडला असता. आबा होते तिथेच राहिले. 1999 ला परत निवडून आले, विलासरावांच्या सरकारात मंत्री झाले. 2002 मध्ये शेकाप सरकारातून बाहेर पडला, तेव्हा मंत्रिपद सोडून पुन्हा आपल्या बाकावर. त्याआधी 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारातही ते मंत्री होते. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत लाल दिव्याची वर्षं थोडीच. बाकी सगळा काळ लक्षवेधी, तारांकित प्रश्न, कपात सूचना, म्हणजे सभागृहात सरकारला जाब विचारायची कामं. रोजगार हमी आणि दुष्काळी तालुक्यांचं पाणी हे विषय त्यांनी सोडले नाहीत. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी लढणाऱ्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदेतही ते होतेच. हे काम फोटोत येत नाही, म्हणून फॉरवर्ड होत नाही.

पण आरतीही नको. एवढ्या वर्षांत शेकाप आमच्याकडे म्हणजे आबाच, असं होऊन बसलं. दुसरी फळी उभी राहिली नाही. 2019 ला ते थांबले तेव्हा उमेदवार घरातलाच निघाला. नातू अनिकेत 768 मतांनी पडले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. लोकांनी निवडून दिलंय, ठीक आहे. तरी आयुष्यभर घराणेशाहीच्या विरोधात घोषणा दिलेल्या जुन्या कार्यकर्त्याला आत कुठेतरी टोचलं असणारच. निदान मला तरी टोचलं.

आता घरचं सांगतो. 95 ला आमच्या घरात चार मतं होती. आजी, आई, वडील, चुलते. वडील जुने शेकापवाले, मोर्च्याला भाकरी बांधून जाणारे. पण त्या वर्षी ते वैतागले होते. टँकरची वाट बघून बघून डाळिंबाची दोन वर्षांची बाग डोळ्यांसमोर वाळली होती. "किती वर्षं नुसतं पाण्यावर बोलायचं?" असं म्हणून त्यांनी दुसरीकडे शिक्का मारला आणि घरातल्या बाकीच्या तिघांनाही मारायला लावला.

निकाल लागला त्या रात्री ते जेवले नाहीत. आई म्हणाली, "अहो, आपल्या चार मतांनी काय होतंय?" ते काही बोलले नाहीत.

2021 ला आबा गेल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. निवेदिका अकरा विजय मोजत होती. वडिलांनी आवाज बारीक केला आणि म्हणाले, "एकशे ब्याण्णवातली चार आपली."