सातची गुरगुर

आमच्या घरात रोज संध्याकाळी सात वाजता काहीतरी गुरगुरायला लागायचं. ते फक्त मला ऐकू यायचं, कारण हेडफोन माझ्याच कानांवर असायचे. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलण्याचं, लायसन्स मिळालं तेव्हा सगळे म्हणाले होते, चाळीस मीटर बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास, दिवस मावळला की लांबलांबची माणसं ऐकू येतात. मला ऐकू यायचं गुर्रर्र. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा नऊवर ठाण मांडून.

एस नऊ म्हणजे रिसीव्हरच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्ट. तिथून एकेक पायरी खाली उतरलं की व्होल्टेज निम्मं. म्हणजे एस तीनवर बोलणारा बिचारा जेमतेम पाऊण मायक्रोव्होल्टवर. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघराच्या दारातून कुणी कुजबुजावं, तसा.

हॅम मंडळींच्या बोलीत विजा-वादळांची खरखर ती क्यूआरएन आणि माणसाने केलेली ती क्यूआरएम. क्यूआरएनपुढे हात जोडायचे. क्यूआरएमचा माणूस शोधायचा.

संशय अर्थातच शेजाऱ्यांवर. छोटा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला आणि जिन्यात गेले. त्याच्या आत अँटेना म्हणून फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी असते. तिचं टोक ज्या दिशेला रोखाल तिकडचा आवाज मरतो, आडवी धरली की चढतो. दिशा अशी सापडते, पण त्यासाठी स्वतःभोवती हळूहळू गिरक्या घ्याव्या लागतात. खालच्या काकांच्या दारासमोर माझी तिसरी गिरकी चालू असताना दार उघडलं.

“काका, तुमच्याकडे काही गुरगुरतंय का?”

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रान्झिस्टरकडे. “नवीन घे,” ते म्हणाले. “किती दिवस दुरुस्त करत बसशील?”

मग जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच खाली ओढला. गुरगुर गप्प. हेडफोन काढले तर सासूबाईंच्या खोलीतून आवाज, “अगं, आत्ता कुठे तिला खरं कळणार होतं!” काका निर्दोष सुटले. मात्र ही बातमी त्यांना कळवावीशी वाटली नाही.

एकेक एमसीबी वर केला. सासूबाईंची खोली, शांत (रेडिओपुरती). फ्रिज, शांत. हॉलचा वर केला आणि काटा टुणकन नऊवर. कोपऱ्यातला एलईडी दिवा काढला तर सातपर्यंत उतरला, म्हणजे भुरटा चोर सापडला. म्होरक्या अजून मोकळाच. असे दिवे, अडॅप्टर, सगळ्यांच्या पोटात एकच यंत्रणा असते, स्विच मोड पॉवर सप्लाय. तो वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडतो, जोडतो आणि हवी तेवढी करून पुढे देतो. या तोडफोडीचे पडसाद पार मेगाहर्ट्झपर्यंत जातात. ते अडवायला आत फिल्टर असावा लागतो. मी फोडून पाहिलेल्या एका स्वस्त अडॅप्टरमध्ये फिल्टरची फक्त जागा छापलेली होती, वर सुटा भाग एकही नव्हता. रिकाम्या खुर्चीवर नावाची पाटी.

शेवटी उरली माशांची टाकी. यांचा जीव की प्राण. तिच्यावरचा दिवा टायमरने बरोबर सातला लागतो. मी तीन रविवार भर दुपारी घर पालथं घातलं होतं, तेव्हा हा साळसूद झोपलेला.

मी प्लग उपटला. काटा तीनवर कोसळला.

“अगं, ही त्यांच्या उजेडाची वेळ आहे!” मागून आवाज आला. माशांच्या वतीने आमच्या घरात नेहमी हेच बोलतात.

तह असा ठरला की दिवा राहील, पण अडॅप्टरच्या वायरला फेराइटची कडी बसेल. या लांबलचक वायरीनेच अँटेनाचं काम पत्करलेलं असतं. तीच कडीतून पुन्हा पुन्हा ओवून घ्यायची. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. मी टाकीमागे पालथी पडून नऊ वेढे घातले. दहाव्याला वायर पुरली नाही. एक मासा काचेला तोंड लावून शेवटपर्यंत पाहत होता.

प्लग लावला. दिवा लागला, काटा तीनवरच. आणि हेडफोनमध्ये माणसं! कुणीतरी अगदी सावकाश, चाचपडत मोर्स पाठवत होतं. थोडं वर सरकले तर दोघंजण आपापल्या अँटेनाची उंची सांगण्यात रंगले होते. इतकं रटाळ संभाषण इतक्या आनंदाने मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मोकळी जागा शोधली, माइक उचलला आणि जगाला हाक घातली, “सीक्यू, सीक्यू, सीक्यू.” उत्तर नाही. पुन्हा घातली.

दारावर थाप पडली. काखेत संगणकाचा स्पीकर घेऊन काका उभे.

“तुला यातलं कळतं ना? यात बदक शिरलंय.”

“कधी बोलतं?”

“आत्ताच. थोडं बोललं, थांबलं, मग परत तेवढंच बोललं.”

मी बोलत होते त्या पद्धतीचा, म्हणजे सिंगल साइडबँडचा, आवाज स्पीकरच्या वायरीत घुसला की शब्द कळत नाहीत, नुसतं क्वॅक क्वॅक होतं. ‘नवीन घ्या’ हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मी मुकाट्याने काकांना बसायला सांगितलं आणि उरलेली फेराइटची कडी शोधायला आत गेले.