चोर सोडून संन्याशाला फाशी

इटलीत काळा फुटबॉलपटू दिसला की स्टँडमधून माकडाचे आवाज काढायचे, आणि तो चिडला की त्यालाच शहाणपण शिकवायचं. किती वर्षं बघायचं हे?

२०१७ मध्ये कालियारी शहरात पेस्कारा क्लबचा सली मुंतारी रेफ्रीकडे दाद मागायला गेला. स्वतःच्या हाताकडे बोट दाखवून ओरडला, 'हा माझा रंग आहे!' मिळालं काय, तर यलो कार्ड. संतापून मैदान सोडलं तर दुसरं कार्ड आणि एका सामन्याची बंदी. बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे बंदी उठली. यजमान कालियारी क्लबला मात्र शिक्षा नाही, कारण म्हणे ओरडणारे दहाएकच जण होते. अरे, दहा जण कमी वाटतात?

२०१९ मध्ये तिथेच युव्हेंटस क्लबचा मोइझे कीन गोल करून त्याला डिवचणाऱ्या प्रेक्षकांसमोर नुसते हात पसरून उभा राहिला. एकोणीस वर्षांचं पोर ते! तर त्याचाच सहकारी बोनुच्ची म्हणतो, दोष निम्मा कीनचा, निम्मा प्रेक्षकांचा. नंतर केली सारवासारव.

पण त्याच वर्षी इंटर मिलान क्लबच्या लुकाकूच्या वेळी झालं ते डोक्यात जातं. कालियारीत त्याला माकडाचे आवाज ऐकवले, आणि इंटरच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या क्लबच्या अल्ट्रांनी, म्हणजे कट्टर चाहत्यांनी, त्यालाच पत्र लिहिलं: हा वंशद्वेष नाही, ते तुला घाबरतात म्हणून करतात. प्रतिस्पर्ध्याला बिचकवायला आम्हीही असं करतो, हेही वर सांगितलं. लाज वाटायला हवी होती. ज्याच्या नावाने गाणी गाता, त्याची बाजू घ्यायची की त्याला शिव्या देणाऱ्यांची?