बेंबीतलं तेल डोळ्यांत पोहोचत नाही, आणि निंबोळी तेल बाळाला पाजायचं नसतं

‘पेचोटी ग्रंथी’चा मेसेज पुन्हा फिरतो आहे. बासष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या डोळ्यांकडे जाणाऱ्या शिरा सुकल्या आणि रात्री दिसेनासं झालं, बेंबीमागच्या ग्रंथीला बहात्तर हजार शिरा जोडलेल्या असतात, म्हणून रात्री बेंबीत तेलाचे थेंब सोडा, ज्या शिरा सुकल्या असतील तिकडे तेल आपोआप जाईल. गुडघ्याला एरंडेल, मुरमांना निंबोळी, ओठांना खोबरेल. इतकंच असतं तर दुर्लक्ष केलं असतं. पण आता त्याला शेपूट जोडलं आहे: नवजात बाळाच्या नाळेवर मोहरीचं तेल लावा आणि जंतांसाठी अर्धा चमचा निंबोळी तेल पाजा. हा मेसेज महिनाभराच्या बाळाच्या आईला नात्यातूनच आला, म्हणून उत्तर शेपटापासून.

निंबोळी तेल बाळाला पाजू नका. अर्धा चमचा नाही, चार थेंब नाही, मधात कालवून तर नाहीच. ‘कडुलिंब औषधी, मग तेल अपायकारक कसं?’ हा प्रश्न इथेच चुकतो. पानांचा काढा आणि बियांतलं तेल ही वेगळी द्रव्यं आहेत. पाण्यात जे उतरतं ते तेलात नसतं, आणि तेलात जे एकवटतं ते काढ्यात येत नाही. 1981 साली ‘लॅन्सेट’मध्ये मलेशियातल्या बालकांबद्दलचा अहवाल आला होता. किरकोळ दुखण्यांवर घरगुती उपाय म्हणून त्यांना हेच तेल पाजलं होतं. काही तासांत उलट्या, गुंगी, जलद श्वास आणि पुन्हा पुन्हा येणारे झटके. चित्र रेज सिंड्रोमसारखं: यकृतात चरबी साठते, मेंदूला सूज येते. यावर उतारा नाही. रुग्णालयात झटके थांबवणं, साखर आणि रक्तातली आम्लता सांभाळणं एवढंच हातात उरतं.

कुणी आधीच पाजलं असेल तर उलटी करवू नका. उलटीसोबत तेल श्वासनलिकेत शिरलं की फुप्फुसाला सूज येते, आणि तेल पाण्यासारखं सहज खोकून बाहेर पडत नाही. (बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्यातही हाच धोका आहे.) बाटली सोबत घ्या, किती आणि केव्हा दिलं ते लिहून ठेवा आणि लक्षणं दिसायची वाट न पाहता रुग्णालयात निघा.

निंबोळी तेलाला जागा आहे, ती बाहेरून: मोठ्यांच्या डोक्यातल्या उवा, खरूज. तिथेही नुसतं चोपडलं तर आग होते. नऊ भाग खोबरेलात एक भाग मिसळून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहतात. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

नाळेचं तेल. पडायची नाळ म्हणजे मेलेली ऊती. ती सुकली की एक-दोन आठवड्यांत गळते. तेलाने ती ओली राहते, उशिरा गळते आणि ओलाव्यात जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा. जिथे नाळेवर शेणासारखे अपायकारक पदार्थ लावायची प्रथा आहे तिथेच पहिल्या आठवड्यात 4 टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावायला सांगतात, तेल नाही. लंगोट नाळेच्या खाली दुमडावा. भोवती लाली, दुर्गंधी, पू, ताप किंवा बाळ दूध ओढेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. मोहरीच्या तेलाबद्दल आणखी एक: 2002 च्या एका अभ्यासात उंदरांच्या दुखावलेल्या त्वचेचं आवरण सूर्यफूल तेलाने लवकर सावरलं, मोहरीच्या तेलाने उशिरा. बाळाची त्वचा मुळातच पातळ.

आता ती ग्रंथी. शरीररचनेत ‘पेचोटी’ नावाचं काहीही नाही. गर्भात बेंबीतून दोन धमन्या आणि एक शीर जाते. जन्मानंतर त्या आकसतात, बंद होतात आणि त्यांचे तंतुमय पट्टे उरतात. बहात्तर हजार हा आकडा योगग्रंथांतल्या नाड्यांचा आहे, त्या रक्तवाहिन्या नव्हेत. ग्रंथांचा आधार घ्यायचा तर नीट घ्यावा. मृत्यूनंतर बेंबी गरम राहते, असंही मेसेजवाले सांगतात, पण तेही ग्रंथीमुळे नाही. धड हातापायांपेक्षा सावकाश थंड होतं, इतकंच.

डोळ्यांची गोष्ट मात्र सोडून देण्यासारखी नाही. रात्री दिसेनासं होण्यामागे मोतीबिंदू, काचबिंदू, दृष्टिपटलाचा आजार किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या थेंबांनी वाचवता येते. एका डोळ्याची नजर अचानक गेली तर दृष्टिपटलाची धमनी तुंबलेली असू शकते, तिथे तासांचा हिशेब असतो. तेव्हा बेंबीत तेल सोडून सकाळची वाट पाहणं म्हणजे डोळा गमावणं.

खोबरेल ओठांना आणि टाचांना लावा, फायदा होतो. पण टाचेचं तेल टाचेलाच. बाळाचं पोट फुगलं की बेंबीभोवती हिंग लावतात त्यातही थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. मात्र आराम पडतो तो बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणाऱ्या कोमट हाताने. बेंबीच्या आत काही घालायची गरज नसते.

राहिलं एरंडेल. चरकसंहितेत वातहर द्रव्यांत श्रेष्ठ म्हटलं आहे ते एरंडमूळ, म्हणजे मूळ. तेलाचा सिद्ध गुण रेचक. आतड्यातल्या विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचं रिसिनोलेइक आम्ल सुटतं, ते आतड्याच्या स्नायूंना आकुंचन द्यायला लावतं. ते विकर बेंबीच्या त्वचेवर नसतात. प्रौढाची मात्रा 15 ते 60 मिलिलिटर, तीन थेंब म्हणजे जेमतेम 0.15 मिलिलिटर. गुडघ्यापर्यंत काय पोहोचणार? दुखरा गुडघा कोमट तेलाने चोळून शेकला तर बरं वाटतं, पण तिथे तेल आणि ऊब दोन्ही गुडघ्यावर असतात.

एरंडेल म्हणून कुणी बीच चावून खाऊ नये. रिसिन हे विष पाण्यात विरघळणारं प्रथिन आहे. तेल काढताना ते पेंडीत राहतं, बी चावलं की पोटात सुटतं. गरोदरपणी एरंडेल घेऊ नये, तेच आम्ल गर्भाशयालाही आकुंचन देतं. पोटदुखीचं कारण ठाऊक नसताना तर अजिबात नाही: अपेंडिक्सला सूज असली तर रेच घेतल्याने तो फुटण्याचा धोका वाढतो.